कच्च्या दुधाचे चीज : दिसत नाही तो डाग

कापडाच्या धंद्यात आम्हांला एक सोय आहे. ठाण उलगडून उजेडात धरले की डाग, विरलेली जागा, तुटलेला धागा लगेच दिसतो. दुधाच्या धंद्यात ही सोय नाही. दूध पांढरेशुभ्र, वास चांगला, चव गोड, आणि तरीही त्यात रोगजंतू असू शकतात. कच्च्या दुधाचे चीज करणाऱ्या आणि विकणाऱ्या बंधूंनी म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यावा.

पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. त्याने रोगजंतू मरतात. कच्च्या दुधाच्या चीजमध्ये ही पायरीच नसते. आजारी जनावर, शेण, अस्वच्छ भांडी आणि हात यांतून ब्रुसेला, साल्मोनेला, ई. कोलाय आणि लिस्टेरिया दुधात येतात. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो.

१९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यात काय घडले ते पाहा. मेक्सिकन पद्धतीच्या मऊ, ताज्या चीजमधून लिस्टेरियाची साथ पसरली. १४२ रुग्ण आढळले, ४८ जण दगावले. त्यांत २० बाळे आईच्या पोटातच गेली आणि १० नवजात होती. कारखान्यात पाश्चराइज्ड दुधात कच्चे दूध मिसळले जात असावे, असे तपासात दिसून आले. थोड्या भेसळीची किंमत कोणी चुकवली, याचा विचार व्हावा.

आता दुसरी बाजू. इटलीचे प्रसिद्ध पार्मेजानो रेज्जानोही कच्च्या दुधाचेच असते. पण त्याचा चोथा सुमारे ५५ अंशांपर्यंत तापवतात, चीज मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि कमीत कमी १२ महिने पिकवतात. पाणी कमी होते, आंबटपणा व मीठ आपले काम करतात, जंतूंना वाढायला जागा उरत नाही. मऊ, ओलसर, ताज्या चीजला हे संरक्षण नसते. अमेरिकेत कच्च्या दुधाचे चीज किमान ६० दिवस पिकवण्याचा नियम आहे. परंतु चेडर चीजमध्ये ई. कोलायची घातक जात त्यानंतरही जिवंत राहिल्याचे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे केवळ दिवस मोजून भागत नाही. मूळ दूधच स्वच्छ हवे.

आमचे सांगणे थोडक्यात असे. जनावरांची ब्रुसेलासाठी तपासणी करून घ्यावी. सडाला सूज असलेल्या जनावराचे दूध वेगळे काढावे. धार काढण्यापूर्वी सड व हात धुऊन कोरडे करावेत. दूध लगेच थंड करावे किंवा लगेच कामाला घ्यावे. कच्चे दूध आणि तयार माल यांची भांडी, फडकी व जागा वेगळी ठेवावी. ठराविक काळाने माल प्रयोगशाळेत तपासावा. ताजे, मऊ चीज करायचे असेल तर पाश्चराइज्ड दूधच वापरावे.

आपले पनीर तापवलेल्या दुधाचे असते, पण तापवल्यानंतर मळके फडके किंवा अस्वच्छ पाणी लागले तर तेही बिघडते.

दुकानदाराने कच्च्या दुधाचा माल तसे स्पष्ट सांगूनच विकावा. गरोदर स्त्री, लहान मूल, वृद्ध व आजारी माणूस यांच्यासाठी तो देऊ नये. एक गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. घरी नेलेल्या मालाने कुणाचे मूल जाता कामा नये.