रविवारी पोह्यांना ये

परवा तू आलीस, ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, शनिवार-रविवार येतात कधी आणि जातात कधी, काही कळतच नाही गं." कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आत मुलांची जुंपली होती, मला धड उत्तर देता आलं नाही. पण तू गेल्यावर तुझा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. म्हणून आज दुपारी सगळं आवरून लिहायला बसलेय. मोठी बहीण सांगतेय असं समज आणि मनावर घे.

आम्ही बेंगळुरूत हेब्बाळला आलो २००८ साली. त्याच वर्षी देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि आपला बल्लारी रस्ता बघता बघता पालटला. मी मात्र पहिली दोन-तीन वर्षं इथे नुसती अंगाने राहत होते, जीव सगळा आपल्या माहेरी, मिरजेत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट हातात पडलं की त्या दिवसापासून मला हसू फुटायचं. दिवाळीला जाऊ, मग मे महिन्यात जाऊ, मग गौरी-गणपतीला चार दिवस जमतात का बघू. मधले सगळे महिने वाट बघण्यात जायचे. एकदा सहज दिवस मोजले, तर वर्षातले वीस-बावीस दिवस मी आनंदात होते आणि बाकीचे सगळे त्या वीस दिवसांसाठी ढकलत होते. तुझंही आता तेच चाललंय. पाच दिवस मान्यता टेक पार्कला वाहिलेले, आणि सुट्टीचे दोन दिवस झोप, कपड्यांचे ढीग आणि फोन. विचारलं की म्हणतेस, डिसेंबरमध्ये मोठी सुट्टी काढणार आहोत. काढ की. पण तोवरचे रविवार काय पाप करून बसलेत?

मी शहाणी झाले ती एका दिवाळीत. त्या वर्षी म्हटलं, आपण नको जायला, सगळ्यांना इकडेच बोलावू. आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं, वर आत्या. दोन खोल्यांच्या घरात आम्ही अकरा जण. मला काय स्फुरण चढलं होतं सांगू! चकली, चिरोटे, अनारसे सगळं घरचं. रोज दोन भाज्या, कोशिंबीर, काहीतरी गोड. वहिनी पदर खोचून मदतीला आली की मी तिला बाहेर पाठवायची, "तू बस गं, तू पाहुणी." बाहेर बाबा आणि आत्या कृष्णेच्या पुराच्या जुन्या गोष्टी रंगवून सांगत होते, हसण्याचे लोट आत येत होते आणि मी कढईपाशी उभी राहून ओरडून विचारायची, "काय झालं? काय म्हणाले?" कुणीतरी अर्धंमुर्धं सांगायचं, तोवर पुढची गोष्ट सुरू झालेली असायची.

चौथ्या रात्री त्यांना गाडीत बसवायला गेलो. आईने खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. बोटांवर तेलाचे दोन-तीन चटके होते, त्यांवरून ती अंगठा फिरवत राहिली. गाडी हलायच्या बेतात असताना म्हणाली, "चार दिवस तुझ्या हातचं पोटभर खाल्लं गं. पण तू काही भेटली नाहीस." घरी येईपर्यंत मी रिक्षात रडत होते. डबे सगळे धुऊन पुसून ठेवलेले, फराळ उरलेला, आणि ज्या माणसांसाठी केला त्यांच्यातल्या एकाशीही मी दहा मिनिटं सलग बोलले नव्हते.

त्यानंतर आमच्याकडे माणसं जमतात ती वेगळ्या तऱ्हेने. रात्रीच्या जेवणाला मी सहसा कुणाला बोलावत नाही. संध्याकाळी हेब्बाळच्या फ्लायओव्हरपाशी काय होतं ते तू रोज बघतेस. इलेक्ट्रॉनिक सिटीहून निघालेला माणूस आपल्या दारात पोचेस्तोवर त्याच्यात बोलायचं त्राण उरत नाही. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात, माणसं ताजीतवानी असतात. म्हणून नाश्त्याला बोलवायचं. मी फक्त पोहे करते. इडल्या आणि चटणी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातून येते, ती आणायला हे आणि मुलगा जातात. बाकी ज्याला जे सुचेल ते त्याने आणायचं. आणि कांदा मी एकटी चिरत नाही. परात सरळ बाहेरच्या खोलीत नेते, दोघं कांदा घेतात, एक जण कोथिंबीर निवडतो, कुणीतरी शेंगदाणे सोलत बसतं, आणि त्या परातीभोवतीच खरी बैठक जमते. पोहे खाताना होत नाहीत इतक्या गप्पा पोहे व्हायच्या आधी होतात. (इथल्या दुकानात 'गट्टी अवलक्की' माग हं. नुसतं अवलक्की म्हणालीस तर चिवड्याचे पातळ पोहे हातात पडतील.)

आणखी एक. आपली मराठी माणसंच जमवायची असं ठरवू नकोस. आमच्या वरच्या मजल्यावरच्या अज्जी रोज सकाळी जिन्यात भेटल्या की विचारतात, "तिंडी आय्ता?" नाश्ता झाला का, एवढंच. पहिल्या वर्षी मला वाटायचं, यांना काय करायचंय माझ्या नाश्त्याशी? नंतर उमगलं, आपल्याकडे 'काय, बरं आहे ना' म्हणतात, तसंच आहे ते. एकदा त्यांना पोह्यांना बोलावलं, तर त्या येताना वाटीभर कोसंबरी घेऊन आल्या: भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, ओलं खोबरं, वर मोहरी-हिंगाची फोडणी. मी म्हटलं, अज्जी, ही तर आमची वाटली डाळ आणि खमंग काकडी एकत्र नांदायला आलीय. पाडव्याला आपण कडुनिंब-गूळ खातो त्याच दिवशी त्यांचा युगादीचा बेवू-बेल्ल असतो. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो, त्या एळ्ळू-बेल्ल देऊन चांगलं बोला म्हणतात. माहेर सातशे किलोमीटरवर राहिलं म्हणून तू सणाला एकटी पडलीस असं समजू नकोस. जिना चढून वर जा. पहिल्यांदा जायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता.

गणपतीत मात्र गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात नक्की जाऊन ये. आपल्या भाषेतली आरती दहा-वीस गळ्यांतून एकदम ऐकली की घसा दाटून येतो.

आता जे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या बोलण्यात मला ऐकू आलं, ते. तुला अधूनमधून कुणीच नको असतं, आणि त्याची तुला लाज वाटते. नवरा चांगला आहे, भांडण नाही, तंटा नाही, मग आपल्याला एकटीने बसावंसं का वाटतं, आपलं काही चुकतंय का, असं तू स्वतःला खात बसलीयेस. काही चुकत नाहीये. दिवसभर ऑफिसात माणसं, घरी माणूस, फोनमध्ये सासर-माहेरचे दोन-दोन गट. जिवाला दम खायला जागा नको?

मी आठवड्यातून दोनदा सकाळी सहाला तळ्यावर जाते. फोन घरी ठेवून. आपलं हेब्बाळचं तळं केंपेगौडाच्या वेळचं, १५३७ मधलं म्हणून ओळखलं जातं. वर फ्लायओव्हरवरून विमानतळाच्या गाड्या धावत असतात आणि खाली पाण्यात आपलं आपलं जग चालू असतं. तिथे एक पक्षी दिसेल, अंग कोळशासारखं काळं, कपाळावर पांढराशुभ्र ठिपका. मराठीत त्याला वारकरी म्हणतात. थव्याने पाण्यावरून सरकत जातात तेव्हा खरोखर दिंडीच वाटते. हळदीकुंकू नावाचं बदकही दिसतं. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कपाळाच्या बाजूला दोन लाल ठिपके, जणू आताच कुणीतरी बोट टेकवून गेलंय. मला पक्ष्यांतलं फार कळत नाही. पण एका बाकावर अर्धा तास बसून पाण्याकडे बघितलं की घरी येऊन मी मुलांवर ओरडत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी ताडलंय. आता तेच म्हणतात, "तळ्यावर गेली नाहीस का आज?"

लगेच तळं नाही जमलं तर दर्शिनीत जा. एकटी. बायकांनी एकटीने उभ्याने खायचं म्हणजे पहिल्यांदा अवघड वाटतं, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. कुणी बघत नसतं. त्या उंच गोल टेबलापाशी उभी राहा, एक खाली दोसा घे, आणि कॉफी बाय-टू न घेता अख्खी घे. माणसागणिक अर्धी कॉफी घ्यायची इथली रीत मला फार आवडते, पण त्या दिवशी कुणालाही वाटा द्यायचा नाही. आणि नवऱ्याला हे चोरून करू नकोस, सांगून कर. "शनिवारी सात ते आठ मी माझी आहे" एवढं स्पष्ट सांग. त्यालाही त्याचा असा एक तास दे आणि त्या तासात तो कुठे होता ते विचारू नकोस.

राहिलं फिरणं. तुम्ही दोघं मागे पहाटे तीनला उठून नंदी हिल्सचा सूर्योदय बघायला गेलात आणि गाड्यांच्या रांगेत उजाडलं, ते ऐकून मला वाईट वाटलं. शनिवार-रविवारी सगळं बेंगळुरू त्याच रस्त्याला लागतं. डोंगर १४७८ मीटर उंच आहे, गार आहे, सुंदर आहे, कधी मधल्या वारी रजा असेल तेव्हा जा. सुट्टीच्या दिवशी वर चढूच नकोस, पायथ्याच्या नंदी गावात थांब. तिथे भोगनंदीश्वराचं देऊळ आहे. इ.स. ८०६ च्या सुमाराचा, राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या गोविंदाच्या काळातला लेख या देवळाचा उल्लेख करतो, म्हणजे बाराशे वर्षं झाली त्याला. हे राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचं कैलास कोरवून घेणारे, आपल्याला परके नाहीत. एका आवारात तीन गाभारे: अरुणाचलेश्वर म्हणजे शिवाचं बाळपण, भोगनंदीश्वर म्हणजे तारुण्य, आणि दोन्हींच्या मधे उमामहेश्वर, त्याच्यापुढे काळ्या दगडाच्या नाजूक खांबांचा लग्नमंडप. नवी जोडपी तिथे आवर्जून येतात. आणि वर डोंगरावर आहे तो योगनंदीश्वर, संसारातून उठून गेलेला. लोक सांगतात, म्हणून सणसोहळे खालच्या देवळात होतात, वर काही होत नाही. मला ही मांडणी इतकी पटते! एकाच देवाला खाली गोतावळाही हवा आणि वर एकांतही हवा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आवारातून आत गेलीस की कल्याणी लागते, चारही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेतो. दर्शन झालं की बाहेर येऊन झाडाखाली खातो, मग मुलं पायऱ्या मोजायला परत आत पळतात. पन्नासेक किलोमीटर जायचं, सातला निघालं की दुपारच्या जेवणाला घरी. येताना देवनहळ्ळीच्या किल्ल्यात अर्धा तास थांबता येतं, टिपू सुलतानाचं ते जन्मगाव. दुपारी अंग टाकायला वेळ राहतो आणि सोमवार डोक्यावर बसत नाही.

तेवढंही जमणार नसेल तर हेब्बाळ गावातच चालत जा. २०१८ मध्ये इथे खोदकामात एक वीरगळ सापडला, इ.स. ७५० च्या सुमाराचा. राष्ट्रकूटांच्या स्वारीत लढताना पडलेल्या कित्तय्य नावाच्या वीराचा. बेंगळुरूत सापडलेला हा सर्वांत जुना कन्नड शिलालेख मानतात. गावातच मंडप बांधून तो उभा केलाय. आपण दळण आणायला ज्या गल्लीतून जातो तिथे पावणेतेराशे वर्षांपूर्वीचं माणूस नाव सांगत उभं आहे, हे कळल्यापासून मला हे गाव परकं वाटेनासं झालं. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वरालाही जा एकदा. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये त्या देवळाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख तिथे आहे. आपली माणसं या शहरात साडेतीनशे वर्षांपूर्वीपासून राहत आलीत, तू काही पहिली नाहीस.

डिसेंबरची सुट्टी काढच, मिरजेला जा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून ये. पण आधी येत्या रविवारी नऊला तुम्ही दोघं पोह्यांना या. अज्जींना सांगून ठेवलंय. परात बाहेरच्या खोलीत मांडलेली असेल, तुझ्या वाटणीचे दोन कांदे ठेवते. येताना चार लिंबं तेवढी घेऊन ये.