वैशाखातील हिम आणि मराठी प्रवासवर्णनाची भाषा

१. प्रास्ताविक

'वैशाख' म्हटले की मराठी मनाला 'वणवा' आठवतो. तापलेला कातळ, आटलेल्या विहिरी, करपलेले माळ ही वैशाखाची मराठी प्रतिमा होय. तथापि याच महिन्यात परीक्षा आटोपून महाविद्यालयांना सुट्टी लागते आणि महाराष्ट्रातील तरुणांची पदभ्रमण पथके हिमालयाकडे निघतात. त्यामुळे मराठी पदयात्रिकाला भेटणारे हिम हे बहुधा पौष-माघात नुकतेच पडलेले हिम नसते; वसंत सरत आला तरी उंच खिंडींत टिकून राहिलेले जुने हिम असते. परतल्यावर तो त्याविषयी लिहितो. महाविद्यालयीन वार्षिकांत, गिर्यारोहण संस्थांच्या अंकांत, क्वचित दिवाळी अंकांत हे लेखन प्रसिद्ध होते आणि प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराच्या कडेकडेने वाढत राहते.

या लेखनातील हिम बहुतेक वेळा एकाच रूपात अवतरते. ते 'पांढरेशुभ्र' असते, त्याची 'चादर' किंवा 'दुलई' पसरलेली असते, ते 'कापसासारखे' वा 'दुधासारखे' असते. या उपमांत काही चूक आहे असे नव्हे. प्रश्न असा की, त्या हिमावरून ज्याने पाच-सहा तास चाल केली त्याच्या अनुभवाचा कोणता अंश या वर्णनात उतरतो? वसंतअखेरचे हिम ही एक स्थिर वस्तू नसून प्रहराप्रहराला पालटणारी अवस्था आहे आणि रंगावर विसंबणारी भाषा नेमके हे पालटणेच गमावते, या विधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. सर खिंडीची वाट : वस्तुस्थिती

विवेचनासाठी एक निश्चित वाट समोर ठेवणे सोयीचे ठरेल. हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यात पार्वती नदीच्या खोऱ्यात कसोल हे गाव आहे. तेथून ग्रहण या गावी, पुढे मिन थाच व नागारू या मुक्कामांवरून सुमारे ४२०० मीटर उंचीच्या सर खिंडीत आणि पलीकडे बिस्केरी थाचाकडे उतरणारी वाट मराठी तरुणांच्या चांगल्या परिचयाची आहे. 'थाच' म्हणजे मेंढपाळांचे उंचावरील कुरण. मे महिन्यात या वाटेचा खालचा भाग देवदारांच्या सावलीतून व फुललेल्या बुरांसाच्या झाडांतून जातो. नागारूच्या आसपास हिम सुरू होते आणि खिंडीचा माथा ओलांडून उतार संपेपर्यंत साथ सोडत नाही.

हे हिम हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानामुळे थराथराने साचलेले असते. नुकत्याच पडलेल्या हिमाची घनता दर घनमीटरला साधारणतः ५० ते १०० किलोग्रॅम भरते; वसंताच्या अखेरीस तीच ४०० ते ६०० किलोग्रॅमपर्यंत गेलेली असते. दिवसा वरचा थर वितळतो, पाणी खाली झिरपते, रात्री ते गोठते. हा क्रम अनेक आठवडे चालला की मूळच्या नाजूक स्फटिकांचे जाड, गोलसर कण बनतात. पहाटे हे कण एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात आणि पृष्ठभाग माणसाचे वजन सहज पेलतो. ऊन चढू लागले की कणांमधील सांधे सुटतात आणि सकाळी ज्या उतारावर बुटाची टाचही रुतत नव्हती तेथेच दुपारी पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. पथके नागारूहून पहाटेच्या अंधारात निघतात ती याच कारणाने.

हवा शून्य अंशाहून उष्ण असूनही हे हिम आठवडेच्या आठवडे टिकते, याचे एक कारण असे की, शून्य अंशावरील एक ग्रॅम हिमाचे शून्य अंशाचेच पाणी होण्यासाठी सुमारे ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. रात्रीचे गोठणेदेखील केवळ हवेच्या तापमानावर अवलंबून नसते. आकाश निरभ्र असेल तर हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होतो. ढग असतील तर ही उष्णता पुरती निघून जात नाही आणि पहाटेचे हिमही मऊच राहते. म्हणून आदल्या रात्री चांदणे स्वच्छ पडले होते की आभाळ भरले होते, ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीत निर्णायक ठरते.

यात धोक्याचे स्वरूपही उलटसुलट होते. पहाटेच्या कठीण हिमावर तोल गेला तर घसरण थांबत नाही. दुपारच्या मऊ हिमात पाय अडकून मुरगळतो. ओढ्यावर साचलेल्या थराखाली पाण्याने पोकळी केलेली असते, ती खचते. मोठ्या खडकांच्या कडेने हिम आतून सुटलेले असते. तीव्र उतारावरून ओला थर सरकून खाली येऊ शकतो. सर खिंडीतून बिस्केरीकडे बसून घसरत उतरण्याचा प्रघात प्रसिद्ध आहे. हिम किंचित मऊ झाले असेल तर टाचा रोवून वेग आवरता येतो. कठीण असेल तर तोच उतार जिवावर बेतू शकतो. शिवाय ज्येष्ठ लागला म्हणून नवे हिम पडायचे थांबते असेही नाही. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातील सहस्रतालाच्या वाटेवर हिमवादळात सापडून बावीस जणांच्या पथकातील नऊ पदयात्रिक मरण पावले. हिमाच्या वर्णनातील नेमकेपणा हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, याचे भान या घटनेने येते.

३. 'हिंव' आणि 'बर्फ' : दोन अर्थांतरे

या वस्तुस्थितीला सामोरे जाताना मराठीजवळ कोणते शब्द आहेत? संस्कृत 'हिम' शब्दापासून मराठीला 'हिंव' हे तद्भव रूप मिळाले. याच मुळापासून नेपाळीत 'हिउँ' आणि कुमाउनीत 'ह्यूं' ही रूपे आली. डोंगराळ प्रदेशातील या भाषांत त्यांचा अर्थ आजही पडलेले, साचलेले हिम असाच आहे. मराठीत मात्र 'हिंव' म्हणजे थंडी, गारठा. 'हिवाळा', 'हिवताप', 'हिंव भरणे' या सर्व प्रयोगांत वस्तू नाहीशी झाली आहे आणि तिचा अंगावर उठणारा परिणाम तेवढा उरला आहे. जेथे हिम पडत नाही तेथे शब्दाने वस्तू सोडून स्पर्श धरावा, हे स्वाभाविक होय.

दुसरा शब्द 'बर्फ'. तो फारसीतून आला. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारे हिम; गोठलेल्या पाण्याला तेथे 'यख' हा वेगळा शब्द आहे. मराठीने 'यख' घेतला नाही. 'बर्फ' घेतला आणि त्याच्याकडे 'यख'चे काम सोपवले. बोस्टनहून जहाजातून बर्फ आणण्याचा व्यापार १८३३ मध्ये कलकत्त्यापर्यंत पोचला आणि पुढे मुंबईतही आला. त्यानंतर बर्फाचे कारखाने निघाले. लादी, भुसा, गोळा, मासळीबाजार ही मराठी बर्फाची परिचित सोबत आहे. म्हणून मराठी वाचकाच्या मनात 'बर्फ' हा प्रथम कठीण, पारदर्शक आणि निसरडा असतो.

तात्पर्य, एका शब्दाचा अर्थ हिमाकडून थंडीकडे गेला, दुसऱ्याचा हिमाकडून गोठलेल्या पाण्याकडे. मधली जागा रिकामी राहिली. 'आम्ही बर्फावरून चाललो' या वाक्यातून पाय रुतत होता की घसरत होता हे कळत नाही आणि वर पाहिल्याप्रमाणे हे दोन अनुभव परस्परविरुद्ध आहेत. ही रिकामी जागा लेखक तत्सम 'हिम' शब्दाने भरतो. पण 'हिम' हा शब्द मराठीत येतो तो 'हिमगिरी', 'हिमधवल', 'हिमशिखर' अशा समासांच्या सोबतीने, म्हणजे दुरून पाहिलेल्या, वंदनीय, शुभ्र अशा दृश्याच्या संस्कारासह. पायाखालचे हिम त्यामुळे दुरून पाहिल्यासारखे वर्णिले जाते.

४. परंपरेतील दुसरी वाट

हा दोष संस्कृत परंपरेच्या माथी मारणे मात्र योग्य होणार नाही. 'अमरकोशा'त हिम, तुषार, तुहिन, नीहार, प्रालेय, अवश्याय अशी नावे एकत्र दिलेली आढळतात आणि मोठ्या हिमराशीसाठी 'हिमानी' हा स्वतंत्र शब्द येतो. त्याची व्युत्पत्ती लावताना व्याकरणकारांनी 'महत्त्व', म्हणजे विस्तार, हा अर्थ सांगितला आहे. याहून लक्षणीय साक्ष 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात मिळते. हिमालयवर्णनाच्या त्या प्रसिद्ध भागात दगडासारख्या घट्ट झालेल्या हिमाच्या वाटेवर चालणाऱ्या किन्नरस्त्रियांच्या पायांची बोटे व टाचा दुखावतात, असा उल्लेख आहे. त्याच वर्णनात हत्तींना मारणाऱ्या सिंहांच्या रक्ताळलेल्या पाउलखुणा वितळत्या हिमाच्या पाण्याने धुऊन गेल्याचे आणि तरीही नखांतून गळालेल्या मोत्यांवरून किरात त्यांचा माग काढत असल्याचे सांगितले आहे. मोती हा कविसंकेत होय. परंतु कठीण हिम टाचेला जाणवते आणि वितळते हिम माग पुसते, ही निरीक्षणे आहेत. एकाच वर्णनात हिमाच्या दोन अवस्था आल्या असून दोन्ही रंगाने नव्हे तर परिणामाने दाखविल्या आहेत.

साहित्यशास्त्राने या पद्धतीला 'स्वभावोक्ती' असे नाव दिले आहे. भामहाचा कल वक्रोक्तीकडे होता आणि कुंतकाने स्वभावोक्तीला अलंकार मानण्यास स्पष्ट नकार दिला. दंडीने मात्र 'काव्यादर्शा'त तिला अलंकारांमध्ये पहिले स्थान दिले. पदार्थांची निरनिराळ्या अवस्थांतील रूपे साक्षात उघड करणे असे तिचे लक्षण तो सांगतो, आणि शास्त्रांत तिचेच राज्य असले तरी काव्यातही ती इष्ट आहे असे नोंदवितो. येथे 'अवस्था' ही कल्पना कळीची आहे. ज्या पदार्थाचे सारे अस्तित्वच अवस्थांतरात आहे अशा वसंतअखेरच्या हिमाला दंडीचे हे लक्षण जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला पडेल.

५. मराठीचे स्वतःचे साधन

भूगोलाच्या परिभाषेने 'हिमरेषा', 'हिमनदी', 'हिमस्खलन' असे शब्द घडविले आहेत आणि ते आवश्यकच आहेत. परंतु ती नामे आहेत. अवस्था सांगण्यासाठी विशेषणे व क्रियापदे लागतात आणि ती परिभाषा समितीपेक्षा स्वयंपाकघरात व शेतात अधिक सापडतात. वर वर्णिलेल्या जाड, गोलसर कणांच्या हिमाला 'रवाळ' हा शब्द तंतोतंत लागू पडतो. चांगल्या कढवलेल्या तुपाचे हेच विशेषण आहे. पहाटे वर कठीण व खाली मऊ अशा थराला 'पापुद्रा' किंवा 'खपली' म्हणता येते. 'भुसभुशीत', 'खरबरीत', 'निसरडे', 'चिबड' ही विशेषणे माती व शेत यांच्या अनुभवातून आली असून पायाला काय लागते तेच सांगतात. 'थिजणे', 'गोठणे', 'पाघळणे', 'विरघळणे', 'पाझरणे', 'खचणे' या क्रियापदांतील छटा मराठी भाषक सहज ओळखतो.

नमुन्यादाखल रचलेली दोन वाक्ये पाहता येतील. 'समोर शुभ्र हिमाची दुलई पसरली होती आणि आम्ही तिच्यावरून खिंडीकडे निघालो' हे पहिले. 'पहाटे खपली इतकी घट्ट होती की काठीचे टोक ठणठणत होते. नऊच्या सुमारास हिम रवाळ झाले आणि खिंडीखालच्या शेवटच्या चढावर दर चौथे पाऊल आत जाऊ लागले' हे दुसरे. दुसऱ्या वाक्यात एकही उपमा नाही, हिमाच्या रंगाचा उल्लेखही नाही. तरी वाचकाला वेळ, उतार, श्रम आणि पुढील संकटाची चाहूल मिळते. त्याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या पथकालाही त्यातून काही शिकता येते.

यावर एक आक्षेप संभवतो. 'रवाळ' म्हणताच वाचकाला तूप आठवेल आणि गंभीर प्रसंगाला अकारण घरगुती वळण लागेल. आक्षेपात तथ्य आहे. शब्द आपले पूर्वसंदर्भ मागे ठेवून येत नाहीत, हे 'बर्फ' व 'हिम' यांच्या इतिहासावरून दिसलेच आहे. तथापि पूर्वसंदर्भ वापराने झिजतात. त्या शब्दांचा वापर जसजसा वाढेल तसतसे तूप मागे पडून कणांचा आकार पुढे येईल. उलट 'दुलई'च्या संदर्भाला असा काही उपाय नाही, कारण ऊब आणि सुरक्षितता यांची सूचना हाच तिचा गाभा आहे आणि वस्तुस्थितीशी नेमका तिचाच विरोध आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वसंतअखेरच्या हिमाचे स्वरूप काळाशी बांधलेले असल्याने त्याच्या वर्णनात वेळेची नोंद हा गौण तपशील नसून आशयाचा भाग आहे. दोन, मराठीतील हिमवर्णनाच्या साचेबंदपणाचे कारण केवळ लेखकांच्या प्रतिभेच्या मर्यादेत नाही. दोन शब्दांच्या अर्थांतराने निर्माण झालेल्या रिकाम्या जागेत ते आहे. तीन, ही जागा भरण्याचे साधन भाषेत आधीपासून उपलब्ध आहे. फक्त ते ज्या व्यवहारांत वावरते त्यांकडे प्रवासवर्णनकाराचे लक्ष गेलेले नाही.

प्रवासवर्णनाच्या अध्यापनात 'निसर्गवर्णन' हे शीर्षक देऊन उपमा-उत्प्रेक्षांची यादी काढून घेण्याची रूढी आहे. तिच्या जोडीला एक साधा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल : वर्णन केलेली वस्तू सकाळी कशी होती आणि दुपारी कशी झाली, हे या उताऱ्यातून कळते का? ज्या उताऱ्यातून ते कळते त्याच्या लेखकाने हिम पाहिले, एवढेच नव्हे तर त्यावर पाऊल टाकले, असे निःशंकपणे म्हणता येईल. पुढच्या वैशाखात त्याच वाटेने जाणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने हा फरक निव्वळ वाङ्मयीन राहत नाही.