इराणी वादकाला ऐन वेळी काय सुचतं?

प्रश्न : इराणी संतूर किंवा तार ऐकताना बराच वेळ सम सापडतच नाही. वादक मनाला येईल तसं वाजवतो, की सगळं आधी बसवलेलं असतं?

उत्तर : सम सापडत नाही, कारण त्या भागात ती नसतेच. इराणी अभिजात मैफलीचा गाभा असलेला ‘आवाज़’ तालाच्या आवर्तनात बांधलेला नसतो. त्याची चाल बरीचशी फारसी कवितेच्या लघु-गुरूंवरून येते, मग गायक नसून नुसतं वाद्य वाजत असलं तरीही. ‘चहारमिज़राब’सारखी ठेक्यातली रचना आली, की तोंबक या तालवाद्याचा वादक सरसावून बसतो.

आता मनाला येण्याबद्दल. तिथे आधी घोकंपट्टी असते, तीही चांगली कडक. सात दस्तगाह, म्हणजे मुख्य स्वरव्यवस्था, आणि त्यांच्यापासून निघालेल्या पाच उपव्यवस्था (यांनाही ‘आवाज़’च म्हणतात, पण वरच्यापेक्षा वेगळ्या अर्थाने) मिळून जो साठा होतो, त्याला रदीफ म्हणतात. त्यातल्या छोट्या स्वराकृती म्हणजे ‘गूशे’. काजार दरबारातले तार-सेतारवादक मिर्झा अब्दुल्ला (१८४३–१९१८) यांच्या रदीफमध्ये असे सुमारे अडीचशे गूशे आहेत. शिष्य ते गुरूकडून जसेच्या तसे उचलतो. पुढे हाच रदीफ तेहरान विद्यापीठात दृष्टिहीन गुरू नूर अली बोरूमंद यांनी शिकवला. ऐन वेळी वाजवायचं कसं, याचा वेगळा धडा नसतो. एकच वळण निरनिराळ्या गूश्यांत निरनिराळ्या रूपांत भेटत जातं आणि ते कसं फिरवायचं हे हाताला त्यातूनच कळतं.

मैफलीत मात्र रदीफ क्रमवार म्हणून दाखवणाऱ्याला कोणी उस्ताद म्हणणार नाही. कोणते गूशे घ्यायचे, कोणते गाळायचे, कुठे रेंगाळायचं, हे वादक तिथल्या तिथे ठरवतो. साधारण वाट तेवढी ठरलेली : ‘दरामद’ने खालच्या सुरांत सुरुवात, हळूहळू चढत ‘औज’पर्यंत आणि ‘फुरूद’ घेऊन परत मुक्कामाला.

हिंदुस्थानी कानाला खरा धक्का बसतो तो या वाटेवर. आपल्याकडे रागाबाहेर पाऊल पडलं तर जाणकार माना वळवतात. इराणी वादक मात्र एका दस्तगाहमधून दुसऱ्याच्या रंगात जाऊन येतो आणि त्या ये-जा करण्यावरच दाद घेतो. मला तर त्यांच्या कलेचा सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो. सूर बदलणं सोपं, न बिचकता परतणं कठीण.

ऐकून पाहायचं तर ‘माहूर’ या दस्तगाहपासून सुरुवात करा. त्याचे सूर आपल्या बिलावलच्या जवळचे, त्यामुळे परकं वाटणार नाही. काही वेळाने ‘दिलकश’ हा गूशे येईल. मुक्काम पंचमावर जाईल, निषाद कोमल होईल आणि धैवत शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी उतरेल. आपल्या पेटीवर त्याला पट्टी नाही.