एका मोटारीचे धनी

फ्रान्समधील मोल्सहाइम येथे बुगाटी यांचा मोटारींचा कारखाना होता. तेथे '५७ एस' जातीच्या जेमतेम चाळीसेक वेगवान गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी एक १९३७ साली अर्ल हाउ या इंग्लिश उमरावाने घेतली. हे गृहस्थ नुसते हौशी नव्हते. १९३१ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जोडीपैकी ते एक होत. गाडीला त्यांनी आपल्या पसंतीचे आरसे व बंपर बसवून घेतले.

पुढे काही हात फिरून ही गाडी १९५५ साली न्यूकॅसलच्या एका शस्त्रवैद्यांकडे आली. त्यांनी ती थोडी वर्षे चालविली, आणि १९६० नंतर लवकरच गॅरेजात उभी केली ती कायमचीच! एवढ्या उमद्या यंत्राची ही उपेक्षाच म्हणावयाची. परंतु नवल असे की, या उपेक्षेनेच गाडी राखली. जुन्या गाड्यांचे भाग दुरुस्तीच्या निमित्ताने बदलत जातात. हिचा सांगाडा, इंजिन आणि वरची बांधणी मात्र मूळचीच राहिली.

२००७ साली वैद्य निवर्तले आणि गाडी वारसांकडे आली. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती होती तशीच, बंद स्थितीत मांडण्यात आली. बोली चढत चढत सुमारे ३४ लाख युरोंवर जाऊन थांबली.