पोराला कोणता कोर्स लावू? फी भरण्याआधीचे चार प्रश्न



दरवर्षी जूनमध्ये माझ्या बार्शीच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. एक वायर, मोटार, पंखा न्यायला. दुसरी, "पोराला काय शिकवू?" हे विचारायला. आजचा लेख या दुसऱ्या माणसांसाठी आहे. आणि ज्यांच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये अशी पोरं कामाला आहेत, त्या आपल्यासारख्या धंदेवाल्यांसाठीही आहे.

मागच्या वर्षी माझ्याकडे कामाला असलेला पोरगा वडिलांना घेऊन आला. वय वीस. बारावीनंतर दोन वर्षं माझ्याच काउंटरवर. काका म्हणाले, "शेठ, ह्याला पुण्याला जाऊन एआयचा कोर्स करायचाय. सहा महिने, फी नव्वद हजार. ह्याच्या आईचं सोनं ठेवून भरतो. तुम्ही फक्त एवढं सांगा, हे पुढच्या काळाचं काम आहे ना?"

मी पोराला विचारलं, "कोर्स झाल्यावर पहिलं काम कोण देणार?"

"दादा, शंभर टक्के प्लेसमेंट आहे म्हणतात."

"कसलं काम?"

पोरगं गप्प.

त्याला हसण्याचा मला अधिकार नव्हता, कारण हीच चूक मी केली होती.

माझं रिचार्जचं काउंटर

बीबीए झाल्यावर २०१२ मध्ये मी मोबाईल रिचार्जचं काउंटर टाकलं. सगळे म्हणायचे, "मोबाईल म्हणजे भविष्य." ते खरंच होतं. पण २०१६ ला यूपीआय आलं, स्वस्त डेटा आला, आणि हळूहळू लोक घरी बसून स्वतःचं रिचार्ज स्वतः करायला लागले. माझं काउंटर बसलं.

माझ्याच ओळीत एक मोबाईल दुरुस्तीवाला होता. की-पॅडचे फोन गेले, टचस्क्रीन आले, चार्जिंगची पिन बदलली. तो आजही आहे. फरक काय? त्याला फोन उघडता येत होता. मला फक्त नंबर टाकून बटण दाबता येत होतं.

तेव्हा कळलं, नुसतं क्षेत्र पुढच्या काळाचं असून भागत नाही, आपल्या हातातलं काम टिकणारं पाहिजे. मोबाईल टिकला, मी टिकलो नाही.

सूत्र : जुना पाया, नवा थर

मी पोरांना एकच सूत्र सांगतो. गावात आधीपासून चालणारं एखादं काम पाया म्हणून घ्या आणि त्याच्यावर नव्या तंत्राचा एक थर चढवा. नुसता थर घेतला तर तो उडून जातो. नुसता पाया धरून बसलात तर दुसरा कोणी थर चढवून पुढे जातो.

माझ्या धंद्यातलं उदाहरण घेऊ, छतावरचं सोलर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. उद्दिष्ट १ कोटी घरांचं. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. हे ऐकून बरीच पोरं म्हणतात, "सोलर शिकतो."

पण सोलरमध्ये काम काय असतं ते बघा. वायरची जाडी ठरवणं, अर्थिंग करणं, मल्टिमीटर लावणं, लोड काढणं. हा सगळा जुन्या वायरमनचा पाया आहे. त्याच्यावरचा नवा थर असा :

- डीसीची समज. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच बंद करताना ठिणगी तुटायला मदत होते. पॅनलमधून येणारा डीसी असा शून्यावर येत नाही, आणि पॅनल रांगेत जोडले की व्होल्टेज काहीशे व्होल्टपर्यंत जातं. कनेक्टर नीट बसला नाही तर तिथे आग लागू शकते.
- छत वाचणं. आपल्याकडे पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी पूर्ण रांगेची वीज घटू शकते.
- हिशेब. १ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज धरतात. ग्राहकाचं बिल बघून त्याला किती किलोवॅट लागतील हे सांगता आलं पाहिजे.
- कागद. पोर्टलवरचा अर्ज, महावितरणची मंजुरी, नेट मीटर, तपासणी.

आता समजा, उद्या अनुदान बंद झालं. तरी बसवलेले पॅनल पंचवीस वर्षं छतावर राहणार. ते धुवायचे आहेत, इन्व्हर्टर बदलायचा आहे, माकडाने ओढलेली वायर जोडायची आहे. म्हणजे योजना गेली तरी काम राहणार.

असंच दुचाकी मेकॅनिकचं. इलेक्ट्रिक स्कूटरला कार्बुरेटर नाही, इंजिन ऑइल नाही, पण ब्रेक, टायर, सस्पेन्शन आहेच. त्याच्यावर बॅटरी, कंट्रोलर आणि मोटारची तपासणी हा नवा थर. किंवा किराणा दुकानात हिशेब लिहिणारा पोरगा. त्याने जीएसटीचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर शिकलं, तर चार दुकानांचं काम एकटा बघू शकतो.

फी भरण्याआधीचे चार प्रश्न

वही काढा. हे चार प्रश्न लिहा आणि पोराला स्वतः उत्तरं लिहू द्या.

१. पैसे देणारी पाच माणसं कोण? "मार्केट मोठं आहे" हे उत्तर नाही. तुमच्या गावातली किंवा ओळखीतली, या कामासाठी आज पैसे मोजणारी पाच माणसं सांगा. पाच सापडत नसतील तर आधी ती शोधा, कोर्स नंतर.

२. अ‍ॅप बदललं, योजना बंद झाली, तर हातात काय उरेल? माझ्या रिचार्जच्या काउंटरला हा प्रश्न लावा. उत्तर शून्य. दुरुस्तीवाल्याला लावा. उत्तर सोल्डरिंग, सर्किटची समज, नेहमीचं गिऱ्हाईक.

३. पंधरा दिवस ते काम जवळून बघितलं का? फी न भरता, काम करणाऱ्या माणसाच्या मागे पंधरा दिवस फिरायचं. सामान उचलायचं, बघायचं, प्रश्न विचारायचे. विजेला हात मात्र लावायचा नाही. ते काम परवानाधारक माणसाचं आहे.

४. पैसे किती महिन्यांत परत येतील? गणित सोपं आहे. फी ९०,०००. सहा महिने काम सोडलं, महिना ९,००० धरले तर ५४,००० बुडाले. एकूण खर्च १,४४,०००. कोर्सनंतर १५,००० मिळाले तर वाढ ६,००० ची. म्हणजे वसुलीला २४ महिने. यात पुण्यातलं राहणं-खाणं आणि सोन्यावरचं व्याज धरलेलंच नाही. शिवाय नोकरी पहिल्या दिवशी लागली तरच हे गणित.

याच्या शेजारी दुसरा पर्याय मांडा. सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा आहे. तिथली फी खासगी कोर्सपेक्षा खूप कमी असते. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये कोणता ट्रेड आहे, ते जाऊन विचारा. शिकाऊ उमेदवारीत तर काम शिकताना विद्यावेतन मिळतं.

त्या पोराचं काय झालं?

काकांना मी "नको" म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, "सोनं पंधरा दिवस घरातच राहू द्या." पोराला ओळखीच्या सोलर ठेकेदाराबरोबर पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. दुसऱ्या मजल्याच्या पत्र्यावर त्याचे पाय लटपटले होते. "दादा, मला उंचीची भीती वाटते. माझ्याच्यानं नाही होणार." मला वाटलं, संपलं. पण ठेकेदाराचा फोन आला, "त्याला खालीच राहू दे. बिल बघून लोड बरोबर काढतो, आणि म्हाताऱ्या माणसांना अर्ज समजावून सांगतो."

आज तो त्यांच्याकडे साइटची पाहणी, कोटेशन आणि अर्ज बघतो. सावली कुठे पडते ते खालून आणि गच्चीवरून बघतो, पत्र्यावर चढत नाही. पगार फार मोठा नाही, माझ्यापेक्षा थोडा जास्त देतात. एआयचा नादही सुटलेला नाही. मोबाईलवर एआय वापरून तो ग्राहकासाठी साध्या मराठीत कोटेशन तयार करतो, आणि पाठवण्याआधी प्रत्येक आकडा स्वतः तपासतो, कारण आकडा चुकला तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात. म्हणजे त्याला एआय मिळालंच. फक्त आधी पाया मिळाला.

आता आपल्याबद्दल

या सगळ्यात मला एक गोष्ट टोचली. तो पोरगा दोन वर्षं माझ्याकडे होता. मी त्याला काय शिकवलं? वायरची बंडलं मोजायला आणि चहा सांगायला. लोड काढायची त्याला आवड आहे हे मला दोन वर्षांत कळलं नाही, ठेकेदाराला तीन दिवसांत कळलं. मग त्याला पळून जावंसं वाटलं, यात अर्धा दोष माझा.

आता माझ्याकडे नियम आहे. आठवड्यात दोन तास काउंटर मी सांभाळतो आणि पोरं शिकतात. एका आठवड्यात मल्टिमीटर, पुढच्या आठवड्यात जीएसटीचं बिल, मग ग्राहकाशी फोनवर बोलणं. "शिकून सोडून गेला तर?" असं मला बरेच जण विचारतात. जाईल. पण जाताना तो माझा वैरी होऊन जाणार नाही. माझ्या दुकानातून वायर घेणारा वायरमन होऊन जाईल.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्याकडे काम करणाऱ्या एका पोराला शेजारी बसवा आणि विचारा, "इथलं कोणतं काम तुला करायला आवडतं, आणि ते अजून चांगलं करायला काय शिकावं लागेल?" उत्तर वहीत लिहा. शनिवारी दोन तास काढा.

भेटू पुढच्या धड्यात.