श्रमाची दखल : सिगालोवाद सुत्तापासून संविधान सभेपर्यंत

निवासी शाळेचा दिवस पहाटे चार-साडेचारला स्वयंपाकघरात सुरू होतो. मुले उठण्याच्या आधी कोणीतरी चूल पेटवलेली असते, कोणीतरी पाण्याची टाकी भरलेली असते, आणि रात्रभर फाटकाशी जागलेला चौकीदार हातपाय धुऊन घरी निघालेला असतो. त्यानंतर घंटा होते, प्रार्थना होते, वंदना होते आणि आम्ही शिक्षक वर्गावर जातो. शाळेचा इतिहास लिहिला जातो तो मात्र या घंटेपासून पुढचा.

प्रस्तुत स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचे सुचविण्यात आले तेव्हा एखादा ऐतिहासिक विषय निवडावा असे आमच्या मनात होते. परंतु ही स्मरणिका ज्यांच्या हाती जाणार आहे त्या माजी विद्यार्थ्यांकडे पाहता विषय बदलावासा वाटला. त्यांच्यापैकी कोणी आज बँकेत शाखा व्यवस्थापक आहे, कोणी मुख्याध्यापक, कोणी ठेकेदार, तर कोणी मंगरूळपीरच्याच बाजारपेठेत दुकान थाटून चार माणसे कामाला ठेवली आहेत. दोन पिढ्यांपूर्वी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील कर्ता पुरुष दुसऱ्याच्या वाड्यावर सालाने राबत होता. आज आपल्या हाताखाली माणसे आहेत. त्यांना आपण कसे वागवतो, त्यांच्या कामाची दखल कशी घेतो, त्यांना उमेद कशी देतो, हा प्रश्न आपल्या समाजाने स्वतःला फारसा विचारलेला नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत त्याची उत्तरे पुष्कळ सापडतात. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे ती आमच्या परंपरेत शोधली.

वऱ्हाडातील सालदाराचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि पाडव्याला संपते. त्या वर्षात त्याच्या कौतुकाचा म्हणावा असा एकच दिवस, पोळ्याचा. आदल्या दिवशी खांदशेकणी होते, बैलाच्या मानेला हळद-लोणी लावून शेकतात. पोळा फुटला की गडी बैल घेऊन दारोदार जातो, बैलांना ओवाळतात आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवतात. आमच्या आजोबांच्या पिढीने हा बोजारा घेतला आहे. त्यात आपुलकी नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. पण बैलाचा खांदा शेकण्याची जशी रीत होती, तशी गड्याचा खांदा दुखतो का हे विचारण्याची नव्हती. वर्षातून एक दिवस कौतुक आणि उरलेले दिवस मुकाट राबणूक, ही आपल्याकडील गौरवाची जुनी पद्धत. कार्यालयांतील आजचे ‘उत्कृष्ट कर्मचारी’ पुरस्कार पाहिले की आम्हाला अनेकदा तो बोजाराच आठवतो.

आता तथागतांकडे वळू. दीघ निकायातील एकतिसावे सुत्त म्हणजे सिगालोवाद सुत्त. राजगृहातील सिगाल नावाचा गृहपतिपुत्र सकाळी स्नान करून, ओल्या वस्त्रांनी, सहा दिशांना हात जोडत उभा असतो. हे तू कशासाठी करतोस असे भगवंत विचारतात. मरणसमयी पित्याने तसे सांगितले होते, म्हणून, एवढेच त्याचे उत्तर. भगवंत त्याचे नमन मोडीत काढीत नाहीत. ते त्याला दिशांचा नवा अर्थ देतात. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र आणि सहकारी, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे दास व कामगार. वर्गात हा पाठ शिकवताना एकदा एका मुलाने विचारले होते की कामगारांना खालीच का ठेवले. प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला एवढेच सांगितले की जो तरुण आपल्या पायाखालच्या दिशेलाही हात जोडत होता, त्याला तेथे कोण उभे आहे ते दाखवून देण्यात आले. पायाखालची जमीन निसटली तर बाकीच्या पाचही दिशा उपयोगाच्या नाहीत.

या सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात सेवा करणे, गोडधोड किंवा विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. कामगारांचीही पाच कर्तव्ये आहेत: मालकाच्या आधी उठणे, त्याच्या नंतर निजणे, दिलेले तेवढेच घेणे, काम चोख करणे आणि मालकाची कीर्ती वाढविणे. येथे क्रमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आधी मालकाने आपली पाच पाळावयाची आहेत. कामगाराची निष्ठा त्यानंतर येते. आमच्या पाहण्यातले बहुतेक वरिष्ठ हा क्रम उलटा वाचतात. निष्ठा आधी दाखवा, मग पाहू, असे त्यांचे म्हणणे असते.

या पाचांत पहिले आहे ते आमच्या मते सर्वांत मोलाचे. शक्तीप्रमाणे काम, पालीत ‘यथाबलं’. ज्या देशात काम जन्माने नेमले जात होते त्या देशात हा शब्द उच्चारला गेला, याचे महत्त्व केवळ बौद्धच जाणू शकतात असे नाही, पण आपल्याला ते अनुभवाने कळते. मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घ्या. तेथे विणकाम विभागात मजुरी चांगली होती आणि त्याच विभागात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा इतरांना चालत नसे. त्यामुळे हात कितीही कुशल असले तरी आपला माणूस कताईतील कमी मजुरीच्या कामावरच राहिला. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उभा केला. मालकाकडून न्याय मागणाऱ्यांनी आधी शेजारच्या कामगाराला न्याय द्यावा, असा त्यांचा रोख होता.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद झाली. भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे तेथील विधान आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्याच भाषणातील दुसरा भाग कमी वाचला जातो. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच त्याची नोकरी संपते; त्याला हमालाची जागादेखील मिळत नाही, कारण त्या हमालाकडून स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करून घ्यावयाचे असते; कारखान्यात तो मजूर राहतो, मिस्त्री होत नाही. मंगरूळपीरला रेल्वे नाही, परंतु गँगमन सर्वत्र आहेत. एखादा शिपाई संगणकावर सहज काम करतो हे सर्वांना ठाऊक असते, अडचण आली की त्यालाच हाक मारतात, आणि काम झाले की त्याला पुन्हा चहा आणावयास धाडतात. अशा माणसाला वर्षाकाठी एक शाल देऊन उमेद येत नाही. त्याच्या अंगी जे आहे ते पाहून त्याला त्या कामावर नेमणे, हीच त्याची दखल.

शालीचा उल्लेख आला म्हणून आमची एक चूक येथे नोंदवतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वसतिगृहाचा कारभार आमच्याकडे होता. दर 26 जानेवारीला आम्ही पाळीपाळीने एकेका कर्मचाऱ्याचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करीत असू आणि आपण फार मोठे काम करतो असे आम्हाला वाटे. एका वर्षी स्वयंपाकीणबाईंची पाळी आली. टाळ्या झाल्या, छायाचित्र झाले. दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, शाल पेटीत ठेवली. पन चुलीच्या धुरानं डोये चुरचुरतात, त्याचं पाहा ना काही.” स्वयंपाकघराला धुराडे नव्हते. आम्ही त्या खोलीत रोज चव पाहावयास जात होतो, दोन मिनिटे थांबत होतो आणि डोळे पुशीत बाहेर येत होतो. त्या तेथे सहा-सहा तास उभ्या असत. धुराड्याला आलेला खर्च तोवरच्या सत्कारांच्या एकूण खर्चाहून कमी निघाला. तो हिशेब आम्ही कोणाला दाखविला नाही.

सम्राट अशोकाचा नववा शिलालेख नेमका याच विषयावर आहे. आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ अल्प असते. खरे फळ धम्ममंगलाचे, आणि त्यात दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन हे प्रथम गणले आहे. या लेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात, नालासोपाऱ्याजवळ भुईगाव येथे मिळाला, तोही 1956 साली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली त्याच वर्षी हा दगड प्रकाशात यावा, या योगायोगाचे आम्हाला नेहमी अप्रूप वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाने योगायोगावर फार भर देऊ नये, हेही खरे.

उरलेल्या कर्तव्यांविषयी थोडक्यात. वेतनाच्या बाबतीत अनुदान आले नाही ही सबब सर्वांच्या परिचयाची आहे. अनुदान खरोखरच येत नाही तेव्हा वरिष्ठाने निदान समोर बसवून स्थिती सांगावी. माणसे उशीर सोसतात, टाळाटाळ सोसत नाहीत. सुट्टीसाठी तर आपल्या माणसांनी लढे दिले आहेत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कारखान्यातील आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती 1946 ची, आणि कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना प्रा. अडारकर यांनी तयार केली तीही याच काळात, 1944 मध्ये. आजारपणातील सेवा आणि वेळेवर सुट्टी ही सुत्तातील दोन कर्तव्ये अशी कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचली. तरीही चौकीदाराने मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस मागितले की आपल्या कपाळावर आठी पडते.

आणि गोडधोड वाटून खाणे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी आधी पाहुण्यांची पंगत, मग शिक्षकांची, मग मुलांची, आणि ज्यांनी पहाटेपासून पुऱ्या तळल्या त्यांच्या वाट्याला संध्याकाळी भांड्याच्या तळाशी उरलेले. अडीच हजार वर्षांपूर्वी या एवढ्याशा गोष्टीला स्वतंत्र कर्तव्याचे स्थान दिले गेले, याचा अर्थ ही पंगत तेव्हाही अशीच बसत असावी.

दखल कशी घ्यावी याचा आमच्या मते सर्वोत्तम नमुना 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत घडला. संविधानाचे काम पूर्ण झाले होते आणि सभागृहात अनेकांनी बाबासाहेबांची मुक्तकंठाने स्तुती केली होती. उत्तराच्या भाषणात ते म्हणाले की या श्रेयाचा काही भाग घटनात्मक सल्लागार सर बी. एन. राव यांचा आहे, कारण समितीच्या विचारासाठी कच्चा मसुदा त्यांनी तयार केला. काही भाग मसुदा समितीच्या सदस्यांचा आहे. आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा आहे. मुखर्जी यांच्याविषयी त्यांनी नेमकेपणाने सांगितले: अत्यंत गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या व स्पष्ट कायदेशीर भाषेत मांडण्याचे त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची कष्टाळू वृत्ती. त्यानंतर ते मुखर्जींच्या हाताखालील कर्मचाऱ्यांपर्यंत गेले. ही माणसे कधीकधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबली आहेत, हे आपणास ठाऊक आहे, असे त्यांनी सभागृहाला सांगितले.

हा भाग आम्ही दरवर्षी 26 नोव्हेंबरला मुलांना समजावून सांगतो. त्यात काय काय आहे ते पाहावे. कोणी काय केले हे नेमके सांगितले आहे. ‘सर्वांच्या सहकार्याने’ या गुळगुळीत शब्दांवर भागविलेले नाही. दखल चार भिंतींआड न घेता देशाच्या कामकाजाच्या नोंदीत घेतली आहे. ती खाली उतरत टंकलेखक-कारकुनांपर्यंत पोहोचली आहे. आणि ज्याने ती घेतली त्याचे स्वतःचे श्रेय त्यामुळे कमी होणार होते. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. त्याच भाषणात त्यांनी सभागृहातील ‘बंडखोर’ सदस्यांचेही आभार मानले आहेत. त्यांच्या आक्षेपांमुळे संविधानामागील तत्त्वे मांडण्याची संधी आपल्याला मिळाली, असे कारणही दिले आहे. त्या नावांत आपल्या वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख आहेत. बैठकीत विरोध करणाऱ्या सहकाऱ्याचे आभार मानणारा वरिष्ठ आम्ही आमच्या सेवाकाळात एकदाच पाहिला. त्यांच्या कार्यालयातून बदली मागणारे कोणी नव्हते.

या स्मरणिकेच्या कामासाठी जुनी छायाचित्रे चाळताना एक समूहचित्र हाती आले. समोर मुले मांडी घालून बसलेली, मागे खुर्च्यांवर शिक्षक आणि पाहुणे. चित्राच्या मागील बाजूस शाईने सर्वांची नावे क्रमाने लिहिली आहेत. उजव्या टोकाला, खांबाच्या आडून, हातात पळा असलेल्या एक बाई अर्ध्या दिसतात. नावांची यादी त्यांच्या अलीकडे संपते. मुलांच्या गणवेशावरून चित्र फार जुने असावे. त्यांच्या हातचे जेवलेले विद्यार्थी आज पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांच्यापैकी ज्यांना बाईंचे नाव व गाव आठवत असेल त्यांनी ते शाळेच्या कार्यालयात कळवावे. यादीच्या शेवटी जागा आहे, आणि शाईची बाटली आम्ही टेबलावर काढून ठेवली आहे.