शुश्रूषेच्या मधल्या वेळेत कथालेखन

प्रश्न : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे सगळे घरीच करावे लागत असताना कथालेखन टिकवता येते का?

उत्तर : येते, मात्र सलग वेळेची आशा सोडावी लागते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. मधे औषधे, पेज, डायपर. हाती उरतो फार तर पाऊण तास, तोही बेभरवशाचा. कादंबरीला तो पुरत नाही, कथेला पुरू शकतो. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर ऐन तारुण्यात दोन मुलांचा बाप झाला होता. लवकर पुरे होईल असेच लेखन आपल्याला शक्य होते, म्हणून कथा-कविता, असे त्याने ‘फायर्स’ या निबंधात सांगितले आहे. (त्याच्या पत्नीनेही नोकऱ्या करून संसार ओढला, दाखला देताना हे बहुधा गाळले जाते.)

खरी अडचण वेळेपेक्षा धागा तुटण्याची. उठताना पुढचे वाक्य चार शब्दांत वहीत टिपून ठेवले, की परत बसल्यावर मागची पाने चाळावी लागत नाहीत. पहिला खर्डा एकाच प्रसंगाचा असावा. जागरण करून लिहू नये. झोप अपुरी असली की औषधाची मात्रा चुकते. दिवाळी अंकाची कथा उन्हाळ्यातच हातावेगळी करावी. आठवड्यातली एक दुपार मात्र भावंडांकडून स्पष्ट मागून घ्यावी. न मागता ती सहसा मिळत नाही.